घट्ट म्हणजे किती?



आज मी बरोबर दोन वस्तू आणल्या आहेत. एक हा टेस्टर. टोकाला पातं, आत छोटा दिवा, वर क्लिप. तुमच्याही घरात कुठल्या तरी खणात असा एक असणारच. दुसरी वस्तू हा जाड मुठीचा स्क्रूड्रायव्हर. याच्या मुठीवर आकडे कोरलेले आहेत. याला टॉर्क स्क्रूड्रायव्हर म्हणतात. आपण लावलेल्या आकड्याइतका जोर स्क्रूला मिळाला, की हा 'कट्' असा आवाज करतो आणि पुढे नुसताच फिरतो. टेस्टर चहा-नाश्त्याच्या पैशात येतो, याला काही हजार रुपये पडतात.

स्क्रू दोन्हींनी फिरतो. मग घरातल्या वायरी जोडताना या महागड्या वस्तूची खरंच गरज आहे का? मी हा प्रश्न अनेक इलेक्ट्रिशियनना विचारला. बहुतेकांनी हसून हात पुढे केला. "साहेब, हा हात आहे ना! वीस वर्षं हेच करतोय." या उत्तराला मी हसणार नाही. त्या हातात खरंच काही तरी असतं. पण ते किती आहे आणि कुठे कमी पडतं, हे मला माझ्याच घरात कळलं. तेच आधी सांगतो.

माझी नोकरी लष्कराच्या ईएमईमध्ये, म्हणजे यंत्रं आणि वाहनं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये गेली. आमच्या वर्कशॉपमध्ये इंजिनाच्या सिलिंडर हेडचे बोल्ट कुणी अंदाजाने आवळले असते, तर त्याची खैर नव्हती. बोल्ट ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या टप्प्यांत टॉर्क रेंचनेच आवळायचे. ट्रकच्या चाकाच्या नटांनाही तोच नियम. तरुण जवान म्हणायचे, "साब, टाइट है." मी विचारायचो, "कितना टाइट?" आकडा सांगता आला नाही, तर काम पुन्हा. हा माझा ठरलेला प्रश्न होता. निवृत्त झाल्यावर सिकंदराबादला घर घेतलं, वायरिंग करून घेतलं, आणि स्वतःच्या घरात हा प्रश्न मी एकदाही विचारला नाही.

चार हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. आमच्या बाथरूममध्ये २ किलोवॉटचा साधा गिझर आहे. त्याचा एमसीबी पडायला लागला. गिझर लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी खट् करून खाली. वर केला की चालायचा, पुन्हा पडायचा. माझी आई तेव्हा शहाऐंशी वर्षांची. तिला सकाळी लवकर गरम पाणी लागतं. दोन दिवस तिची आंघोळ खोळंबली आणि माझा धीर संपला. आमच्याकडे काम करणारे वायरमन नांदेडकडचे आहेत, पन्नाशीचे. सगळी सोसायटी त्यांना मामा म्हणते. मी फोन करून म्हटलं, "मामा, १६ चा एमसीबी काढा आणि २५ चा टाका."

मामा म्हणाले, "साहेब, एकदा बघून घेऊ का आधी?"

मी म्हटलं, "बघायचं काय त्यात? लोड जास्त होतोय. मोठा टाका."

ऑर्डर ती ऑर्डर. त्यांनी मोठा एमसीबी टाकला. पडणं बंद झालं आणि मी खूश झालो.

आता मी इंजिनिअर माणूस. साधा भागाकार करायला हवा होता. २००० वॉट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे ८.७ अँपिअर. १६ अँपिअरचा एमसीबी ८.७ ला का पडेल? एमसीबीच्या आत दोन धातूंची एक पट्टी असते. ती तापली की वाकते आणि एमसीबी पाडते. एमसीबीला प्रवाह कळतो तो उष्णतेतून. म्हणजे कुठून तरी जास्तीची उष्णता त्या पट्टीपर्यंत पोहोचत होती. एमसीबी मला जीव तोडून सांगत होता की माझ्या अंगाला चटका बसतोय. मी त्याला काढून जाड कातडीचा आणून बसवला.

तीन आठवड्यांनी पहाटे आई तिच्या खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "अरे, मासळी जळल्यासारखा वास येतोय." आमच्या घरात मासळी शिजत नाही. वास डीबीतून येत होता. डीबी तिच्या खोलीच्या दाराशेजारी, वर लाकडी कपाट. मी मेन स्विच बंद केला. मामा आले, झाकण काढलं. गिझरच्या एमसीबीचं खालचं टर्मिनल तपकिरी होऊन वितळलं होतं. वायरीवरचं प्लास्टिक बोटभर काळं पडलेलं. शेजारच्या एमसीबीलाही झळ लागलेली. आणखी चार-सहा दिवस गेले असते, किंवा आई त्या दिवशी झोपूनच राहिली असती, तर मी आज तुमच्यासमोर वेगळ्या विषयावर बोलत असतो, किंवा बोलतच नसतो.

त्या एका टर्मिनलमध्ये नेमकं काय झालं असेल, ते समजून घेऊ.

दोन धातू एकमेकांवर दाबले, की ते पूर्ण पृष्ठभागावर चिकटतात असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पृष्ठभाग डोंगरदऱ्यांसारखे असतात, आणि फक्त काही शिखरं एकमेकांना टेकतात. वीज जाते ती त्या मोजक्या टेकलेल्या बिंदूंतून. स्वीडिश शास्त्रज्ञ रॅग्नर होल्म यांनी आयुष्यभर याच विषयाचा अभ्यास केला. दाब वाढवला की शिखरं चेपतात, टेकलेली जागा वाढते आणि रोध कमी होतो. ढोबळ हिशोब असा, की दाब चौपट केला तर रोध निम्मा होतो. यातून दोन गोष्टी कळतात. सुरुवातीचा दाब फार मोलाचा असतो. आणि एका मर्यादेपुढे कितीही पिळलं तरी फायदा थोडाच, उलट आटे जायची भीती. म्हणून 'जितकं घट्ट तितकं चांगलं' हेही खरं नाही. प्रत्येक टर्मिनलची एक योग्य जागा असते.

आता आकडे पाहू. चांगल्या जोडणीचा रोध ओहमच्या हजाराव्या भागाइतका धरा. ८.७ अँपिअरला तिथे एक दशांश वॉटसुद्धा उष्णता होत नाही. तीच जोडणी सैल राहिली, तापली, गंजली आणि रोध एक तृतीयांश ओहम झाला, तर उष्णता होते २५ वॉट. रेडिओ दुरुस्तीवाल्याची सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. म्हणजे तुमच्या डीबीत, प्लास्टिकच्या कुशीत, कुणी तरी गरम सोल्डरिंग आयर्न ठेवून गेलंय. वायरीवरचं साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतच टिकायला बनवलेलं असतं.

आणि हे कुणाला कळत नाही. २३० पैकी जेमतेम तीन व्होल्ट तिथे खर्च होतात. गिझर नेहमीसारखा चालतो. प्रवाह वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. एमसीबी जास्त प्रवाहावर पाळत ठेवतो, तो जास्त नाहीच. आरसीसीबी गळतीवर पाळत ठेवतो, इथे काही गळत नाही. फ्यूजचीही तीच कथा. म्हणजे घरातले सगळे पहारेकरी जागेवर आहेत आणि चोर त्यांच्याच चौकीत बसलाय. नशीब असेल तर टर्मिनलची उष्णता पट्टीपर्यंत पोहोचून एमसीबी पडतो, जसा माझा पडत होता. त्याच्यावर भरवसा ठेवून चालत नाही.

सैल जोडणी स्वतःहून सुधारतही नाही. गिझर लागला की धातू प्रसरण पावतो, बंद झाला की आकसतो. रोज हे चालतं. जोडणी आणखी सैल होते, हवा आत शिरते, तांब्यावर ऑक्साइड चढतं, रोध वाढतो, उष्णता वाढते. अ‍ॅल्युमिनियमची वायर असेल तर आणखी वाईट. आपल्याकडे सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी घरांत ती अजून आहे. ती तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावते, सततच्या दाबाखाली हळूहळू सरकते, आणि तिच्यावरचं ऑक्साइड वीज जाऊ देत नाही.

परत माझ्या घरात येतो. मी मामांवर भडकलो. "तुम्ही स्क्रू नीट आवळला नव्हता!" त्यांनी जळका एमसीबी हातात घेतला, टर्मिनल उघडलं आणि शांतपणे दाखवलं. वायरीच्या बारीक तारांपैकी काही आधीच कापल्या गेल्या होत्या. स्क्रूखाली थोडं प्लास्टिकही अडकलं होतं. मग ते म्हणाले, "साहेब, हे मूळ काम माझ्या पोराने केलं, माझ्या भाच्याने. टेस्टरने आवळलंय. मला दिसलं असतं. मी म्हटलं होतं, बघून घेऊ का."

मी गप्प बसलो. म्हटले होते ते.

मग ते आणखी एक वाक्य बोलले. "तुम्ही लोक पॉइंटमागे पैसे देता. स्क्रू दुसऱ्यांदा बघायचे पैसे त्यात कुठे असतात?"

हे वाक्य लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

त्यानंतर मी हा टॉर्क स्क्रूड्रायव्हर मागवला. आमच्या सोसायटीतून काढलेली एक जुनी डीबी पडून होती, वीजजोडणी नसलेली. एका रविवारी आम्ही चौघे बसलो. मामा, त्यांचा भाचा, आमचा पंप ऑपरेटर आणि मी. प्रत्येकाने आपापल्या अंदाजाने स्क्रू आवळायचे. मग मी टॉर्क स्क्रूड्रायव्हर २ न्यूटन-मीटरवर लावून बघायचं, की 'कट्' होण्याआधी स्क्रू आणखी फिरतो का.

टेस्टरने आवळलेला एकूण एक स्क्रू फिरला, आणि चांगला फिरला. मामांनी त्यांच्या जाड मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने आवळलेले बहुतेक जागचे हलले नाहीत. वीस-तीस वर्षांचा हात खोटा नव्हता. पण मग मी त्यांना स्टुलावर चढून, डोक्याच्या वर हात करून, कोपऱ्यातले स्क्रू आवळायला सांगितले, जसं खऱ्या कामात करावं लागतं. त्यातले काही फिरले. मामा स्वतःच चकित झाले. आणि मी? मी जोश दाखवायला गेलो आणि एका स्क्रूची खाच फोडली. फौजी हात.

टेस्टरने का जमत नाही, याचा हिशोब सोपा आहे. २ न्यूटन-मीटर म्हणजे १० सेंटिमीटर लांबीच्या दांड्याच्या टोकाला सुमारे २ किलो वजन टांगल्यावर जो पीळ पडतो तो. पण टेस्टरला दांडा नाही, त्याची मूठ पेनाएवढी. १४ मिलिमीटर जाडीच्या मुठीवर हा पीळ आणायला बोटांनी जवळजवळ २९ किलोचा जोर लावावा लागेल. कुणाची बोटं तेवढी नाहीत. मूठ ३० मिलिमीटर जाड केली, की तोच जोर साडेतेरा किलोवर येतो. ते जमतं. म्हणजे महागडं अवजार आणायच्या आधी, फक्त टेस्टर खाली ठेवून योग्य पात्याचा, जाड मुठीचा स्क्रूड्रायव्हर घेतला, तरी निम्मी लढाई जिंकली जाते. टेस्टर वीज आहे की नाही हे बघायला असतो. तेही काम तो फार खात्रीने करत नाही, पण तो वेगळा विषय.

आता दुसरी बाजू. टॉर्क स्क्रूड्रायव्हरला विरोध करणाऱ्यांचे मुद्दे मी नीट ऐकले आहेत, आणि त्यातले काही अगदी खरे आहेत.

पहिला मुद्दा, टॉर्क म्हणजे दाब नव्हे. स्क्रू फिरवताना लावलेल्या जोरातला बहुतेक भाग घर्षणातच जातो, थोडा स्क्रूच्या टोकाशी, थोडा आट्यांमध्ये. साधारण दहावा हिस्साच प्रत्यक्ष आवळायच्या कामी येतो, असा यंत्रशाळेतला जुना ठोकताळा आहे. आट्यात सिमेंटची धूळ असेल, तर 'कट्' आवाज येईल पण वायर सैलच राहील. खरं आहे. बांधकाम चालू असताना उघड्या टाकलेल्या डीबीत हे हमखास होतं.

दुसरा मुद्दा, चूक स्क्रूच्या आधीच झालेली असते. प्लास्टिक जास्त सोललं, कमी सोललं, तारा कापल्या, दोन वेगळ्या जाडीच्या वायरी एकाच भोकात कोंबल्या. आणि सगळ्यात फसवी चूक, एमसीबीच्या टर्मिनलमध्ये वर-खाली सरकणारी एक चौकट असते, वायर त्या चौकटीच्या आत जायच्या ऐवजी मागे जाते. स्क्रू आवळला की चौकट रिकामीच बंद होते. टॉर्क स्क्रूड्रायव्हर इमानदारीने 'कट्' म्हणेल. वायर मात्र नुसती टेकलेली. त्याला डोळे नाहीत. म्हणून आवळून झाल्यावर प्रत्येक वायर हाताने ओढून बघायलाच हवी.

तिसरा मुद्दा, अवजार स्वतःच चुकू शकतं. हेही खरं. अशा अवजारांचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ६७८९ आहे. स्वतःची वेगळी पद्धत ठरवलेली नसेल, तर वर्षातून एकदा किंवा ५,००० वेळा वापरल्यावर, यातलं जे आधी येईल तेव्हा, ते तपासून घ्यायचं असतं. काम झालं की आकडा खाली आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग थकते. छिन्नीसारखा वापरलेला टॉर्क स्क्रूड्रायव्हर टेस्टरपेक्षा धोकादायक, कारण तो खोटा विश्वास देतो.

हे सगळे मुद्दे मान्य. पण नीट बघा, यातला एकही मुद्दा 'हाताचा अंदाज पुरतो' असं सिद्ध करत नाही. ते एवढंच सांगतात की टॉर्क स्क्रूड्रायव्हर एकटा पुरत नाही. कोणतंही मोजमाप एकटं पुरत नसतं. थर्मामीटर ताप बरा करत नाही, म्हणून डॉक्टर कपाळाला हात लावून डोस ठरवत नाहीत.

चौथा मुद्दा मला सगळ्यात जास्त ऐकू येतो. "तीस वर्षांत माझ्या कामात कधी आग लागली नाही." मी विचारतो, तुम्हाला कसं माहीत? सैल स्क्रू त्या दिवशी जळत नाही. तो पाच वर्षांनी, कुणाच्या तरी घरी, नव्या एसीच्या पहिल्या उन्हाळ्यात जळतो. तेव्हा वृत्तपत्रात एकच शब्द येतो, 'शॉर्टसर्किट'. वायरमनला कुणी कळवायला जात नाही. कळतच नसेल, तर हात सुधारणार कसा? माझ्या त्या रविवारच्या प्रयोगाचा खरा फायदा हाच झाला. मामांच्या भाच्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की २ न्यूटन-मीटर हाताला कसं लागतं.

इतर देशांनी काय केलं? अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेत २०१७ च्या आवृत्तीत नियम आला, की उत्पादकाने टॉर्कचा आकडा दिला असेल तर तपासलेल्या टॉर्क अवजारानेच आवळायचं. २०२० मध्ये शब्द थोडे सैल केले. मान्य साधन वापरा, मग ते टॉर्कचं अवजार असो, किंवा ठरावीक जोराला डोकं तुटून पडणारा बोल्ट असो. आकडा गाठायची अट कायम राहिली. ब्रिटनमध्ये घरगुती डीबींच्या आगी वाढल्या. चौकशीत सैल जोडण्या पुढे आल्या, आणि १ जानेवारी २०१६ पासून घरातल्या नव्या डीबीची पेटी न जळणाऱ्या साहित्याची, म्हणजे बहुधा धातूची असावी असा नियम झाला. विचार करा, अख्ख्या देशाने पेटी बदलली, कारण आतला स्क्रू सैल राहणार हे त्यांनी धरूनच चाललं.

आणि आपलं काय? आपल्याकडे एमसीबीचं मानक आयएस/आयईसी ६०८९८ आहे. त्यात टर्मिनलच्या स्क्रूंच्या चाचणीसाठी टॉर्कचं कोष्टकच दिलेलं आहे. ४ मिलिमीटरच्या स्क्रूला १.२ न्यूटन-मीटर, ५ मिलिमीटरच्या स्क्रूला २. बरेच उत्पादक आपला आकडा एमसीबीच्या अंगावर किंवा खोक्यातल्या कागदावर छापतात, मोठ्या ब्रेकरला तो ३.५ सुद्धा असतो. म्हणजे तुम्ही आयएसआयची खूण बघून जो एमसीबी घेता, त्याचा नमुना प्रयोगशाळेत टॉर्क मोजून आवळलेला असतो. तो पास झाला तो त्या आकड्यावर. आणि आपण तो घरी आणून टेस्टरने आवळतो, आणि कागद खोक्याबरोबर कचऱ्यात टाकतो. ही चैन परदेशी नाही. आकडा आपल्याच मानकात आहे, आपण वाचला नाही एवढंच.

मग गरज कुठे, आणि कुठे नाही? माझं मत सरळ सांगतो.

भिंतीवरचं दिव्याचं बटण, पंख्याचा रेग्युलेटर. प्रवाह अर्धा-एक अँपिअर. तिथे चांगला स्क्रूड्रायव्हर, नीट सोललेली वायर आणि जागरूक हात पुरे. स्प्रिंगची टर्मिनल असतील तर आवळायचा प्रश्नच नाही, तिथे टॉर्क स्क्रूड्रायव्हर घेऊन फिरणाऱ्याला मी नमस्कार करीन.

पण मीटरपासून डीबीपर्यंतची जोडणी, मेन स्विच, डीबीतले सगळे एमसीबी, न्यूट्रलची पट्टी, आणि गिझर, एसी, इंडक्शन यांच्या जोडण्या, इथे आकडा हवाच. इमारतीत तीन फेजची लाइन असेल तर मुख्य न्यूट्रल सगळ्यात आधी. तो सुटला, तर कुणाच्या घरात व्होल्टेज घसरतं आणि कुणाच्या घरात २३० चं थेट ४०० कडे चढतं. एका सैल स्क्रूमुळे अख्ख्या विंगचे टीव्ही आणि फ्रिज एका संध्याकाळी जाऊ शकतात.

हे सगळं आत्ताच का सांगतोय? कारण घरं बदलताहेत. गिझर सकाळी अर्धा तास चालतो. इलेक्ट्रिक गाडी रात्रभर चार्ज होते. भिंतीवरचा मोठा चार्जर ३२ अँपिअर घेतो, तासन् तास. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ८.७ च्या ऐवजी ३२ अँपिअर, म्हणजे त्याच सैल जोडणीत साडेतेरा पट उष्णता. जी चूक गिझरने तीन आठवडे सहन केली, ती गाडी एका रात्रीतही सहन करणार नाही. आणि फेब्रुवारी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजनेतून छतांवर सौर पॅनेल चढताहेत. तिथली वीज डीसी. आपल्या घरातली एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगीला विझायची संधी मिळते. डीसीला ती संधी नाही. सैल जोडणीत पेटलेली ठिणगी जळतच राहते.

आता मामांचं वाक्य. स्क्रू दुसऱ्यांदा बघायचे पैसे कुठे असतात?

आपण घर बांधताना टाइल्सला पैसे देतो, फॉल्स सीलिंगला देतो, बटणांच्या रंगीत पट्ट्यांना देतो. वायरमनला पॉइंटमागे घासाघीस करतो. जो लवकर उरकेल तो परवडतो. मग तो उरकतो. अशा माणसाला 'काही हजारांचं अवजार घे आणि वर्षाला तपासून आण' हे सांगायचा आपल्याला काय अधिकार? लष्करात टॉर्क रेंच जवानाने स्वतःच्या पगारातून आणलेला नसायचा. तो स्टोअरमधून मिळायचा, आणि तो वापरायला वेळही दिलेला असायचा. शिस्त त्यामुळे जमायची, नुसत्या ओरडण्याने नव्हे.

म्हणून आम्ही सोसायटीत एक केलं. टॉर्क स्क्रूड्रायव्हर सोसायटीने विकत घेतला. जो वायरमन डीबीचं काम करेल त्याने तो ऑफिसातून न्यायचा. डीबीच्या कामाचे पैसे पॉइंटपासून वेगळे ठरवले. आवळून झालं की स्क्रूच्या डोक्यावर मार्करने रेघ मारायची आणि झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवायची. त्यावर तारीख, आकडा, सही. चिठ्ठी बघून पुढच्या वायरमनलाही कळतं की इथे 'घट्ट' म्हणजे किती. सही करणाऱ्या माणसाचा हात आपोआप सावध होतो.

एक इशारा देतो. हे ऐकून आज संध्याकाळी स्वतः डीबी उघडू नका. मेन स्विच बंद केला तरी मीटरकडून येणाऱ्या बाजूला वीज असतेच. परवानाधारक माणसालाच बोलवा. आणि 'दर दिवाळीला सगळे स्क्रू एकेकदा पिळून घ्या' हेही करू नका. आधीच योग्य आवळलेला स्क्रू दरवेळी थोडा-थोडा पिळला, तर तारा चेपून तुटतात आणि आटे जातात. शंका असेल तर लोड चालू असताना थर्मल कॅमेऱ्याने डीबी बघून घ्या, गरम टर्मिनल लगेच वेगळं दिसतं.

आणि घरात या गोष्टी ओळखायला शिका. गिझर लावल्यावर दिवे थरथरणं, डीबीतून बारीक तडतड, बटणाची पट्टी पिवळी पडणं किंवा हाताला गरम लागणं, मासळी किंवा प्लास्टिक जळल्यासारखा वास. एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल, तर मोठा टाकायचा नाही. तो का पडतोय हे विचारायचं. ही चूक मी केली आहे, तुम्हाला करायची गरज नाही.

तर, इलेक्ट्रिशियनला टॉर्क स्क्रूड्रायव्हर खरंच लागतो का? डीबीसाठी, हो, लागतो. त्याच्या हातावर अविश्वास म्हणून नाही. त्याच्या हाताने केलेलं काम उद्या दुसऱ्या कुणाला तपासता यावं म्हणून. आणि तो त्याच्या पिशवीत असावा, यासाठी आपल्या खिशातून थोडे पैसे जायला हवेत.

आई आता नव्वदीला आली. गिझर त्याच जागी आहे, एमसीबी पुन्हा १६ चा आहे, पडत नाही. झाकणाच्या आत मामांच्या अक्षरातली चिठ्ठी आहे. पहिल्या दिवशी मी ती वाचली, तेव्हा आकड्याखाली त्यांनी एक ओळ जास्तीची लिहिलेली होती. 'साहेबांनी बघितलं.' बघितलं होतं खरं, या वेळी मी शेजारी उभा होतो.

जय हिंद.